चौदा माणसांचं निकोडेमस : एका गावाची गणती

२०२०च्या जनगणनेत निकोडेमस गावाची लोकसंख्या भरली १४. हे गाव अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, हायवे २४ला लागून आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, आणि ही अख्खी काउंटीच २,४१५ माणसांची. त्यामुळे चौदा जणांचं गाव त्या भागात कुणाला फार नवलाचं वाटत नाही. नवल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. १९९६पासून या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाची माणसं इथे नेमलेली असतात, आणि दरवर्षी जुलैअखेर शेकडो लोक दूरदूरच्या शहरांतून इथे येतात.

गावाबद्दल वाचायला घेतलं की पहिली अडचण येते ती आकड्यांची. कुठे लिहिलेलं असतं की ऐन भरभराटीत इथे पाचशे लोक होते, कुठे सातशे. कुठे १८७७च्या पहिल्या मोठ्या तुकडीत तीनशेहून जास्त माणसं आल्याचं वाचायला मिळतं, आणि तीन वर्षांनंतरचा आकडा बघावा तर तो तेवढ्याच्या आसपास घुटमळत असतो. यात कुणी खोटं बोलत नाही. ‘गावात किती माणसं?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणत्या वर्षी, कोणत्या हद्दीत आणि कोणत्या नियमाने मोजता यावर ठरतं. निकोडेमसच्या बाबतीत तर ही मोजणी हाच गावाच्या इतिहासाचा कणा आहे, असं मला वाटतं. कारण ज्यांनी हे गाव वसवलं ते गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते, आणि त्याआधी त्यांना सरकारी कागदावर नावसुद्धा नव्हतं.

नाव नसलेली माणसं

अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. राज्यघटनेनेच ती बंधनकारक केली आहे, कारण संसदेत कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी द्यायचे हे त्यावर ठरतं. त्याच घटनेत मुळात अशी तरतूद होती की गुलाम माणूस मोजताना तीनपंचमांश धरायचा. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. मत अर्थातच एकालाही नाही, पण मालकाच्या राज्याला त्यांच्या जोरावर जास्त जागा मिळायच्या.

१८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते असत. त्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली एकेका ओळीत वय, लिंग, वर्ण. ‘३५, पुरुष, काळा’, ‘८, मुलगी, मिश्र’ अशी एकाखाली एक नोंद. नावाचा रकानाच नाही. १८६०मध्ये असे ३९ लाख ५३ हजारांवर लोक मोजले गेले, त्यांतले सव्वादोन लाख एकट्या केंटकी राज्यात. आज ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आपली वंशावळ शोधायची असते, त्यांचा शोध बहुतेकदा १८७०पाशी अडतो. त्या वर्षीच्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावं पहिल्यांदा इतर नागरिकांच्या बरोबरीने लिहिली गेली.

केंटकीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण निकोडेमसचे पहिले रहिवासी तिथलेच. केंटकी १८६१-६५च्या यादवी युद्धात गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने फुटून निघालं नव्हतं. त्यामुळे लिंकनची १८६३ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच झाली नाही. ती फक्त बंडखोर राज्यांपुरती होती. केंटकीतल्या उरलेल्या गुलामांची कायद्याने सुटका झाली ती घटनेची तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५मध्ये अमलात आली तेव्हा. ज्या राज्याने बंड केलं नाही, तिथला माणूस गुलामीत सगळ्यात शेवटपर्यंत राहिला.

मराठी वाचकाला इथे एक धागा आठवावा असा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. पुण्यातून पाहताना ती मुक्ती हे एक पूर्ण झालेलं काम होतं, आणि त्यातून इथल्या शूद्रातिशूद्रांनी उमेद घ्यावी अशी जोतीरावांची तळमळ होती. पण प्रत्यक्षात मुक्त झालेल्या माणसाच्या हाती जमीन आली नव्हती. जुन्याच मालकाच्या शेतावर वाट्याने राबायचं, हंगामाच्या शेवटी हिशेब त्यानेच करायचा, आणि मत द्यायला गेलं तर रात्री दारात दहशत घालणारे गोरे घोडेस्वार. १८७७मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतल्या राजधान्यांमधलं उरलंसुरलं लष्करी संरक्षणही काढून घेतलं. निकोडेमसची स्थापना त्याच वर्षीची.

एक डॉलर, चार हप्त्यांत

एप्रिल १८७७मध्ये ‘निकोडेमस टाउन कंपनी’ची नोंदणी झाली. तिच्यात सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा माणूस होता. गोरा म्हणजे डब्ल्यू. आर. हिल, इंडियानातून आलेला जमिनीचा दलाल. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय, आणि रेव्हरंड सायमन राउंडट्री हे पहिल्या रहिवाशांपैकी. त्या काळी अशी कंपनी काढून गाव वसवणं हा पश्चिमेकडे सर्रास चालणारा धंदा होता. सरकारी जमिनीचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर रस्ते आणि प्लॉट आखायचे, पत्रकं छापायची आणि माणसं आणायची. माणसं आली की प्लॉटला भाव येतो. त्याच काउंटीतलं हिल सिटी हे आजचं मुख्य गाव याच हिलने वसवलं.

पत्रकं केंटकीतल्या लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउन भागात वाटली गेली. लेक्सिंग्टनच्या एका पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की ज्या कृष्णवर्णीयांना ५ सप्टेंबर १८७७ला कॅन्ससला जायचं आहे, त्यांना पाच डॉलरमध्ये जाता येईल. वसाहतीचं सभासदत्व एक डॉलर, आणि तोही पंचवीस-पंचवीस सेंटच्या हप्त्यांनी भरायचा. एक डॉलर एकरकमी काढणं ज्यांना जड होतं अशा माणसांसाठी ही योजना होती, हे त्या हप्त्यांवरूनच कळतं.

कॅन्ससच का, याचंही कारण आहे. गुलामी ठेवायची की नाही यावरून तिथे १८५०च्या दशकात रक्तपात झाला होता, गुलामीविरोधी बंडखोर जॉन ब्राउन तिथेच लढला होता, आणि १८६१मध्ये ते गुलामीमुक्त राज्य म्हणून संघात आलं. शिवाय तिथे सरकारी जमीन मिळत होती. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे. अट अशी की तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहून जमीन कसायची. सरकारी शुल्क सगळं मिळून अठरा डॉलर. कायद्यात वर्णाची अट नव्हती.

हे लिहिताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. ही जमीन ‘मोकळी’ नव्हती, ती मोकळी केलेली होती. पॉनी, शायान, अरापाहो या मूळनिवासी जमातींचा हा शिकारीचा मुलूख. १८६७च्या मेडिसिन लॉज तहानंतर आणि त्यापुढच्या लष्करी मोहिमांनंतर त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमाच्या बाजूला ढकललं गेलं. एका समाजावर झालेला अन्याय दुसऱ्या अन्यायग्रस्तांची संधी ठरला, आणि निकोडेमसच्या पहिल्या हिवाळ्यात तर ही दोन टोकं समोरासमोरच आली.

जमिनीतून निघणारा धूर

सप्टेंबर १८७७मध्ये तीनशेहून अधिक माणसं रेल्वेने एलिस नावाच्या स्टेशनावर उतरली. तिथून निकोडेमस ३५ मैल, म्हणजे छप्पन्न किलोमीटर. रस्ता चालत. पोचल्यावर पाहतात तर गाव नाहीच. गवताचा माळ, झाड फक्त नदीकाठी, आणि टेकाडाच्या पोटात खणलेल्या काही खोल्या. केंटकीची हिरवी टेकाडं आणि दाट झाडी पाहत वाढलेल्या माणसांना हे दृश्य कसं वाटलं असेल, हे विलियाना हिकमन यांच्या आठवणीतून कळतं. त्या आपल्या पाद्री नवऱ्याबरोबर १८७८च्या वसंतात आल्या. वाटेत एलिसला मुक्काम पडला, तेव्हा तांड्यातल्या मुलांना गोवर झाला आणि काही मुलं दगावली. मग दोन दिवसांचा पुढचा प्रवास. पुरुष ओरडले, ‘ते बघा निकोडेमस!’ विलियानांनी डोळे ताणून पाहिलं, काहीच दिसेना. कुठे आहे म्हणून विचारलं, तर नवऱ्याने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. लोक जमिनीखालच्या घरांत राहत होते. त्या सांगतात, मला रडूच कोसळलं.

ही घरं म्हणजे उतारावर आडवी खणलेली खोली, पुढच्या बाजूला मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांची भिंत, वर फांद्या, गवत आणि पुन्हा माती. आत चूल, आणि तिचं धुराडं तेवढं जमिनीवर. जळणाला लाकूड नाही, म्हणून वाळलेली सूर्यफुलाची ताटं, नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्या आणि जनावरांच्या वाळक्या गोवऱ्या.

सप्टेंबरच्या त्या तुकडीतली पन्नास-साठ कुटुंबं दुसऱ्या दिवशी माघारी फिरली. हिलवर लोक इतके चिडले होते की त्याला काही काळ लपून राहावं लागलं, असं सांगतात. जे राहिले त्यांतल्या अनेकांकडे परतीचे पैसेच नव्हते. औतं नव्हती, बैल-घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हिवाळा तोंडावर आलेला, त्यामुळे पेरणीचा प्रश्नच नव्हता. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्या जवळच्या अन्नातला वाटा या वसाहतीला दिला. गावात ही आठवण आजही सांगितली जाते. मुलूख गमावून बसलेल्यांनी नव्याने मुलूख शोधायला आलेल्यांना जगवलं, एवढंच याबद्दल म्हणता येतं. पुढच्या वसंतात लोकांनी कुदळी-फावड्यांनी माळ फोडला, आणि पुरुष मजुरीसाठी, बऱ्याचदा रेल्वेच्या कामावर, कित्येक मैल चालत गेले.

आता पहिल्या कोड्याचं उत्तर देता येतं. ‘१८७७मध्ये तीनशे आणि १८८०मध्येही जवळपास तेवढेच’ याचा अर्थ गाव तीन वर्षं थांबून होतं असा नाही. एका बाजूने माणसं येत होती, दुसऱ्या बाजूने जात होती. लोकसंख्येचा एक आकडा ही ये-जा कधीच दाखवत नाही. तो फक्त मोजणीच्या दिवशी कोण उरलं ते सांगतो.

दहा वर्षांचं गाव

आणि उरलेल्यांनी गाव उभं केलं. झॅकरी फ्लेचर यांनी १८८०च्या सुमाराला सेंट फ्रान्सिस हॉटेल बांधलं, तिथेच पोस्ट चालायचं. त्यांची पत्नी जेनी यांनी जमिनीतल्या घरात मुलांना शिकवायला सुरुवात केली होती. ज्या राज्यांतून ही माणसं आली त्या दक्षिणेत गुलामाला अक्षर शिकवणं अनेक ठिकाणी गुन्हा होता, हे ध्यानात घेतलं की खायची भ्रांत असलेल्या वसाहतीत शाळा इतक्या लवकर का निघाली ते कळतं. चर्च उभी राहिली, चुनखडीच्या दगडाची घरं आली, गोऱ्या व्यापाऱ्यांनीही दुकानं थाटली. १८८६ला ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ला ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ अशी दोन वर्तमानपत्रं निघाली. एवढ्याशा गावाला दोन वर्तमानपत्रं!

या गावातूनच एडवर्ड मॅककेब पुढे आले. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले, शिकागोत सरकारी कचेरीत काम केलेले मॅककेब १८७८मध्ये निकोडेमसला आले आणि जमिनीचे दावे, कागदपत्रं यांचं काम करू लागले. १८८०मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर रचना झाली तेव्हा राज्यपालांनी त्यांना काउंटीचे हंगामी कारकून नेमलं. १८८२मध्ये ते थेट कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले, आणि पुन्हा एकदा निवडून येऊन १८८७पर्यंत त्या पदावर राहिले. कॅन्ससमध्ये राज्यभरातून निवडून येणारे ते पहिले कृष्णवर्णीय. दोन दशकांपूर्वी ज्या समाजाची नोंद मालकाच्या नावाखाली व्हायची, त्यातला माणूस राज्याचा जमाखर्च तपासत होता.

अशा ऐन भरात असलेल्या गावाला एकच गोष्ट हवी होती, रेल्वे. स्टेशन नसेल तर शेतकऱ्याला गव्हाची गाडी जुंपून दिवसभराचा प्रवास करावा लागतो, आणि जिथे तो गहू विकतो तिथेच मीठ, कापड, नांगराचा फाळही घेतो. म्हणजे जिथे रूळ, तिथेच बाजार. १८८७मध्ये निकोडेमसच्या लोकांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे काढायला मतदानाने मंजुरी दिली. म्हणजे पुढची कित्येक वर्षं स्वतःवर कर लादून घेऊन कंपनीला पैसे द्यायची तयारी. पंचवीस सेंटचे हप्ते भरून आलेल्या माणसांनी दहा वर्षांत घेतलेली ही जोखीम. मिसुरी पॅसिफिक आली नाही. १८८८मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिण काठाने, निकोडेमसपासून सहा मैलांवरून. रेल्वे कामगारांच्या तळाच्या जागी बोग नावाचं गाव झालं, आणि निकोडेमसचे दुकानदार एकेक करून तिकडे गेले. दोन्ही वर्तमानपत्रं बंद पडली.

कंपनीने हा निर्णय वर्णद्वेषातून घेतला का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्या काळी रेल्वेने चुकवलेली गोऱ्यांची गावंही मैदानी प्रदेशात ढिगाने होती, त्यामुळे एकट्या या घटनेवरून तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण परिणाम मात्र सारखा झाला नाही. गोरा दुकानदार बोगमध्ये किंवा आणखी कुठेही जाऊन नव्याने बस्तान बसवू शकत होता. निकोडेमसच्या शेतकऱ्याला जाण्यासारखी दुसरी जागा फारशी नव्हती. म्हणून बाजार गेला, तरी शेतीवरची माणसं टिकून राहिली.

शिखराचा आकडा कुठे हरवला

गाव सर्वात भरलेलं होतं ते १८८०च्या दशकात, रेल्वे चुकण्याआधी. पण राष्ट्रीय जनगणना होते दर दहा वर्षांनी. १८८०मध्ये गाव अजून वाढत होतं, १८९०मध्ये बाजार उठून दोन वर्षं झाली होती. मधलं शिखर दोन मोजण्यांच्या फटीत पडलं. त्यात भर म्हणजे १८९०च्या जनगणनेचे मूळ कागद १९२१मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि त्यानंतर जवळपास सगळे नष्ट झाले. त्यामुळे त्या वर्षी गावात कोण होतं, हे घरोघर पाहायला काही उरलं नाही. कॅन्सस राज्य मात्र पाचावर संपणाऱ्या वर्षी स्वतःची वेगळी गणती करायचं, आणि १८८५ची यादी ही अभ्यासकांना मोठीच मदत आहे.

दुसरा घोळ हद्दीचा. अमेरिकेच्या या भागातली जमीन सरकारने आधीच चौकोनांत आखून ठेवली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे होमस्टेडचे १६० एकर. लोक आपापल्या १६० एकरांतच घर करून राहायचे, कारण कायद्याचीच ती अट होती. म्हणजे शेतकरी गावठाणात नसतोच, तो शिवारात असतो. ‘निकोडेमसचे पाचशे लोक’ असं म्हणणाऱ्याने गावठाण धरलं आहे, की टाउनशिप, की आजूबाजूची सगळी वसाहत, यावर आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो.

याच चौकोनात गावाच्या पुढच्या घसरणीचंही उत्तर आहे. साधा हिशेब करू. ३६ भाग गुणिले ६४० म्हणजे २३,०४० एकर. प्रत्येकी १६० एकर म्हटलं तर १४४ कुटुंबं. एका घरात पाच माणसं धरली तर ७२० लोक. कायद्याच्या आखणीप्रमाणे एका टाउनशिपमध्ये मावणारी ही जास्तीत जास्त शेतकरी वस्ती. आता आजची गोष्ट घ्या. ग्रॅहम काउंटीत सरासरी शेत हजार एकरांच्या पुढे गेलं आहे. दीड हजार एकरांचं शेत धरलं तर त्याच टाउनशिपमध्ये पंधरा शेतं बसतात, आणि घरटी तीन माणसं म्हटली तर ४५ लोक. ७२०वरून ४५. कुणी कुणाला हाकललं नाही, दुष्काळ पडला नाही, असं गृहीत धरूनसुद्धा एवढी घट नुसत्या शेताच्या आकाराने होते.

शेतं मोठी होत गेली याचं मूळ पावसात आहे. शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या आसपास अमेरिकेत ओलसर पूर्व संपते आणि कोरडी पश्चिम सुरू होते, आणि निकोडेमस जवळजवळ त्या रेषेवरच आहे. वर्षाचा पाऊस वीस-बावीस इंच, तोही भरवशाचा नाही. माण-आटपाडीच्या शेतकऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. अशा ठिकाणी गहू शरदात पेरतात आणि पुढच्या जून-जुलैत कापतात, आणि बऱ्याच शेतकऱ्यांना जमिनीत ओल साठावी म्हणून निम्मं रान आलटून पालटून पडीक ठेवावं लागतं. म्हणजे कागदावर १६० एकर, पण दरसाल पिकणारे ऐंशीच. ओहायो-केंटकीच्या पावसाचा अंदाज बांधून ठरवलेलं क्षेत्र इथे एका घराचं पोट भरायला पुरत नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये कायदा करणाऱ्यांनी पाऊस विचारात घेतला नाही, आणि त्याची किंमत पुढच्या तीन-चार पिढ्यांनी मोजली.

मग ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आलं. जिथे दहा हात लागायचे तिथे दोन पुरू लागले. त्यावर १९२९ची मंदी, आणि तिच्यामागोमाग १९३०च्या दशकातली अवर्षणं आणि धुळीची वादळं. १९३५मध्ये निकोडेमसमध्ये ७६ माणसं उरली होती. १९५०मध्ये १६. पोस्ट १९५३ला बंद झालं. १९१८मध्ये बांधलेल्या शाळेचे वर्ग १९६०मध्ये संपले. छोट्या गावात शाळा जाणं ही घसरणीची खूण तर असतेच, पण तीच पुढच्या घसरणीचं कारणही होते, कारण लेकरं असलेलं कुटुंब मग तिथे राहायला येत नाही.

शेजारची गावंही आटली. ज्या बोगने निकोडेमसचा बाजार नेला, तिथे २०२०मध्ये दीडशेच्या आसपास माणसं होती. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या १९१०च्या सुमाराला आठ हजारांवर होती, ती आज चतुर्थांशावर आली आहे. तेव्हा निकोडेमसची घट म्हणजे ‘काळ्यांना गाव चालवता आलं नाही’ अशी समजूत कुणाची असेल, तर ती सरळ चूक आहे. पण या गावाच्या शेतकऱ्याला एक जास्तीचं ओझं होतं, कर्जाचं. मोठं शेत आणि यंत्रं घ्यायला कर्ज लागतं, आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्याला ते मिळताना देशभर अडवणूक झाली. १९२०मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७च्या शेतीगणनेत ते पन्नास हजारांच्या आत होते. केंद्रीय कृषी खात्याने कर्जवाटपात भेदभाव केला, या आरोपावरचा पिगफर्ड खटला १९९९मध्ये तडजोडीने मिटला आणि खात्याला हजारो शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागली. तोपर्यंत बहुतेकांची जमीन गेलेली होती.

आजचे चौदा

आज निकोडेमसला नगराध्यक्ष नाही, नगर परिषद नाही. कायद्याच्या भाषेत ती बिगर-नगरपालिका वस्ती आहे. रस्ते वगैरे स्थानिक कामं टाउनशिप आणि काउंटी पाहते. अशा वस्तीला अधिकृत हद्द नसते, म्हणून जनगणना विभाग मोजणीपुरती एक रेघ आखून देतो. चौदा हा आकडा त्या रेघेच्या आतला.

आणि तोही तंतोतंत चौदा असेलच असं नाही. कारण २०२०मध्ये जनगणना विभागाने एक नवी पद्धत वापरली. एवढ्या लहान वस्तीत वय, वंश, घरातली माणसं अशी माहिती छापली तर कोण कोण ते लगेच ओळखता येतं. म्हणून लहान ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सांख्यिकी सरमिसळ केली जाते. राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी राहते, पण खालच्या पातळीवर आकडा दोन-चारने इकडे-तिकडे होऊ शकतो. लाखाच्या शहरात याने काही बिघडत नाही. चौदाच्या गावात बराच फरक पडतो.

आणखी एक नियम आहे. माणूस जिथे वर्षातला बहुतेक काळ राहतो आणि झोपतो, तिथेच तो मोजला जातो. निकोडेमसची माणसं डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्निया अशी पांगली आहेत, आणि ती तिथेच मोजली जातात. त्यांपैकी अनेकांच्या घरची जमीन अजून इथे आहे. अमेरिकन फुटबॉलचे नामांकित खेळाडू व्हेरिल स्विट्झर १९३२मध्ये इथे जन्मले, १९५४मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांना पहिल्याच फेरीत घेतलं, पुढे ते कॅन्सस स्टेट विद्यापीठात मोठ्या पदावर होते, आणि तरीही निकोडेमसची शेती त्यांनी सोडली नाही. जनगणनेच्या कागदावर असा माणूस गावचा नसतो. गावाला विचारलं तर असतो.

या माणसांचं येणं होतं ते जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेर. या उत्सवाला आता ‘होमकमिंग’ म्हणतात. मुळात तो मुक्तिदिन, १ ऑगस्टचा. ती तारीख अमेरिकेतल्या मुक्तीची नाही. १ ऑगस्ट १८३४ला ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवर गुलामी रद्द करणारा कायदा अमलात आला, आणि अमेरिकेत गुलामी चालू असताना तिथले गुलामीविरोधी लोक तो दिवस साजरा करायचे. ती प्रथा या लोकांनी कॅन्ससच्या माळावर आणली, आणि वसाहतीच्या पहिल्या काही वर्षांतच ती रुजली. मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते, जेवणावळी होतात, म्हातारी माणसं मुलांना कोणत्या चौकोनात कुणाची जमीन होती ते दाखवतात.

गाव टिकवण्याचं काम सरकारने आपणहून सुरू केलेलं नाही, हेही सांगायला हवं. १९७६मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचं स्थळ म्हणून नोंद झाली, पण इमारती पडायला आलेल्याच होत्या. मूळ रहिवाशांच्या वंशजांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वतःची इतिहास संस्था काढली, कागद आणि आठवणी गोळा केल्या, आणि संसदेकडे पाठपुरावा केला. १२ नोव्हेंबर १९९६ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा कायदा झाला. त्यात पाच इमारती आहेत : १८८५चं एएमई चर्च (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीय पंथाचं), सेंट फ्रान्सिस हॉटेल, १९०७चं बाप्टिस्ट चर्च, १९१८ची शाळा, आणि मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून १९३९मध्ये बांधलेला चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल. पहिल्या पिढीची जमिनीतली घरं केव्हाच ढासळून मातीत मिसळली. १८७७ची वस्ती नेमकी कुठे होती हे शोधायला पुरातत्त्वज्ञांना तिथे उत्खनन करावं लागलं आहे.